मैत्री बिछायतीचा निळा धूर

व्यंकटराव कोत्तावार स्वतःबद्दल फार बोलत नसत. समोर कोणी नसेल तेव्हा तर अजिबातच नाही. समोर कोणी असलं, की मात्र ते सांगत, नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून अस्सल गुप्तहेर एकच आहे, पण तो फार नम्र असल्यामुळे त्याचं नाव सांगणं बरं दिसत नाही. एवढं बोलून ते आपलं नाव सांगत. गरुडाची नजर, कोल्ह्याचं डोकं आणि मांजराची पावलं आपल्याला जन्मजात लाभली आहेत, असं त्यांच्या कार्डावरही होतं. कार्ड पुनमनं काढून दिलं होतं. "काका, एवढी जनावरं नका टाकू. लोक गुरांचे डॉक्टर समजतील," असं तिनं सुचवून पाहिलं होतं.

"काका नाही. सर," एवढंच उत्तर मिळालं.

त्यांची सगळी नोकरी एसटीत तिकिटं तपासण्यात गेली होती. बिनतिकिटाचा माणूस आपण नुसत्या मानेवरून ओळखतो, असा त्यांचा दावा होता, आणि जो माणूस बिनतिकिटाचा ओळखतो त्याला खुनी ओळखायला कितीसा वेळ लागणार? कंधारात खून होत नव्हते, हा त्यांचा दोष नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या गाळ्यात कचेरी थाटली. गाळा पुनमला झेरॉक्सच्या दुकानासाठी भाड्यानं दिलेला होता, म्हणून कचेरी अर्ध्या टेबलावर मावली. पुनम त्यांची मदतनीस नेमकी कधी झाली, ते तिलाही सांगता येत नसे. आधी ती त्यांचा चष्मा शोधून द्यायची. मग चष्म्याबरोबर इतर वस्तूही शोधायला लागली. त्यांची सगळ्यात गाजलेली केस म्हणजे हरवलेल्या बकरीची. ती बकरी आपली आपण घरी आली. याला व्यंकटराव 'गुन्हेगारावर दबाव आणणं' म्हणत.

तर अशा या कचेरीत एका सकाळी आनंदराज सोनकांबळे आला. मैत्री बिछायत केंद्राचा हा अर्धा मालक. मंडप, गाद्या, पातेली, खुर्च्या, लग्नाला जे लागतं ते सगळं भाड्यानं देणारं कंधारातलं हे जुनं दुकान. उरलेला अर्धा मालक बसवराज हालगे. दोघं शाळेत एका बाकावर बसले, एका वर्षी नापास झाले आणि मग एकत्रच धंद्यात उतरले. पुनमच्या बहिणीच्या लग्नात वाढपी आले नव्हते, तेव्हा हे दोघं बादल्या घेऊन पंगतीत उतरले होते. भात आनंदराजकडे, वरण बसवराजकडे, आणि 'अजून घ्या' कोण मोठ्यानं म्हणतो याची दोघांत शर्यत. त्यामुळे आज आनंदराजचं तोंड उतरलेलं बघून पुनमनं मशीन बंद केलं.

"सर," आनंदराज म्हणाला, आणि व्यंकटरावांचा चेहरा उजळला. "आमची पिकअप धूर सोडून राहिली."

"सोडणारच. माणूस उसासे सोडतो, गाडी धूर सोडते."

"तसा न्हाई. निळा. ढगावाणी! उमरीला आमच्या नात्यातलं लग्न होतं. सामान उतरून मी गाडी मंडपाच्या कडंला लावाय गेलो, तर पाव्हणेच दिसंनात. सगळी मानसं पांढऱ्या कपड्यात. नवरी खोकली, नवरदेव खोकला, वंदना घेता घेता भंतेजी बी खोकले. आता मामा म्हणतेत, फुडल्या लग्नाला सामान पाठव पण गाडी नको पाठवू."

"शक कुणावर?"

आनंदराजनं दाराकडे पाहिलं. "बसवराजवर."

"कारण?"

"त्यानं गाडी लोह्याला नेली. मेस्तरी म्हणला, रिंगा गेल्या."

व्यंकटराव ताडकन उठले. "किती तोळ्याच्या?"

"काका," पुनम म्हणाली, "इंजिनाच्या रिंगा."

"मला माहीत आहे. मी ह्यांची परीक्षा घेत होतो."

"मंग मी नांदेडला नेली," आनंदराज म्हणाला. "तिथला म्हणला, टर्बो गेला. दोघांनी बी नुसता धूर बघूनच सांगितलं. बॉनेट उघडायची गरजच न्हाई म्हणले. आता ह्याचा मेस्तरी म्हणतो हे गेलं, माझा म्हणतो ते गेलं. मला इचाराल तर दोस्ती गेली, सर. रविवारी लातूरचं गिऱ्हाईक गाडी बघाया येऊन राहिलं. गाडी इकायची आन् सामान वाटून घ्यायचं. वाटणी सुरू बी झाली. नवरा-नवरीच्या दोन मोठ्या खुर्च्या हायत ना? राजाची त्यानं नेली, राणीची मी आणली."

पुनमच्या डोळ्यांपुढे एकाच खुर्चीसमोर हार घेऊन उभी राहिलेली नवरा-नवरी आली. तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

आनंदराज गेला आणि तासाभरात बसवराज आला. त्याच खुर्चीत बसला, तसंच दाराकडे पाहिलं, तीच हकीकत सांगितली. फक्त शक आनंदराजवर होता. "कुणाला बोलू नका, अप्पा," तो जाता जाता म्हणाला. "कितीबी झालं तरी दोस्त हाय माझा. त्याची बदनामी नको."

व्यंकटरावांनी दोन्ही केसेस घेतल्या. "एकाच गुन्ह्यात दोन फिर्यादी आणि तेच दोन आरोपी," ते हात चोळत म्हणाले. "किती सोय झाली बघ. चार माणसांची चौकशी दोघांत उरकते."

दुसऱ्या दिवशी गुप्तहेर आणि मदतनीस मैत्री बिछायतीच्या गोदामावर पोचले. पिकअप दारातच उभी होती. मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत 'मैत्री' रंगवलेलं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'अंतर ठेवा.' पुनमला ते वाचून वाईट वाटलं.

व्यंकटरावांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. टायरला टिचकी मारली. मग डिझेलच्या टाकीचं झाकण काढून नाक आत घातलं आणि बराच वेळ हुंगलं. "रॉकेल!" ते ओरडले. "डिझेलात रॉकेल मिसळलं आहे."

"काका, तुम्हाला सर्दी झालीय. सकाळी उदबत्तीचा वास आला नव्हता तुम्हाला."

"सर्दीत इतर वास येत नाहीत. म्हणून गुन्ह्याचा वास स्वच्छ येतो."

"आन् रॉकेल आजकाल मिळतं कुठं?"

हा मुद्दा जड होता. व्यंकटरावांनी रॉकेल सोडलं आणि सायलेन्सर धरला. ते उकिडवे बसले, भिंगातून नळीत पाहिलं आणि जाहीर केलं, की प्रतिस्पर्धी बिछायतवाल्यानं नळीत बोळा कोंबलेला आहे. बोळा काढण्यासाठी त्यांनी चार बोटं आत घातली. बोटं गेली. बोळा लागला नाही, पण बोटं काही परत येईनात. पुष्कराजाची अंगठी आत कुठंतरी अडकली होती.

"खेचू का?" पुनमनं विचारलं.

"गडबड करू नकोस. मी तपास करतो आहे," व्यंकटराव म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "खेच."

आवाज ऐकून बसवराजची बायको मंजुश्री बाहेर आली. तिचं घर गोदामाला लागूनच होतं. "अय्यो! काय करून राहिलात, काका?" म्हणत ती पळत आत गेली आणि साबणाचं पाणी घेऊन आली. साबण लावून दोघींनी मिळून ओढलं. बोटं आली. अंगठी आतच राहिली. रिंग गेली, हे लोह्याच्या मेस्तरीचं निदान अशा रीतीनं खरं ठरलं. मग मंजुश्रीनं गाडी सुरू केली, तेव्हा अंगठी धुराच्या लोटासकट बाहेर उडाली आणि समोर दाणे टिपणाऱ्या कोंबडीपुढं पडली. कोंबडीच्या आधी ती उचलण्यात पुनमला यश आलं. धूर मात्र खरंच निळा होता. जळक्या तेलाचा, घशात बसणारा.

"ताई, भावजींचं काही कळतं का?" पुनमनं डोळे पुसत विचारलं.

"काय कळायचं, बाई? कधीमधी सकाळी उठतेत, बॉनेटखाली डोकं घालतेत, येऊन गप बसतेत. इचारलं तर म्हणतेत, दुसऱ्याची जिम्मेदारी बी मलाच. आधी दोघं मिळून हसायचे तर आमची भांडी वाजायची. आता घरात घड्याळ ऐकू येतं."

"बॉनेटखाली डोकं!" व्यंकटराव काळ्या बोटांनी मिशी कुरवाळत पुटपुटले. मिशी एका बाजूनं तरुण झाली. "पुरावा नष्ट करतो आहे."

तिथून ते आनंदराजच्या घरी निघाले. वाटेत व्यंकटरावांची विचारचक्रं फिरत होती, आणि ती फिरू लागली की पुनम दोन पावलं लांबून चालत असे. धूर निळा. म्हणजे गाडीत काहीतरी निळं टाकलं गेलं आहे. निळं काय असतं? मोरचूद. शाई. नीळ!

आनंदराजची बायको पंचशीला पंचायत समितीत नोकरीला होती. सुटी असल्यामुळे ती अंगणात पांढरे शर्ट वाळत घालत होती. शेजारी निळसर पाण्याची बादली. ती बघताच व्यंकटरावांनी पुनमला कोपरानं ढोसलं.

"बाई, घरात नीळ वापरता?"

"वापरते की. पांढऱ्याला लागतीच."

"किती लागते?"

"कपडे असतील तशी."

"आणि उरलेली?"

"डबीत ऱ्हाती. पाहिजे का थोडी? तुमचा सदरा बी पिवळा पडलाय."

व्यंकटरावांनी सदऱ्याकडे पाहिलं नाही. "निळा रंग आणि हे घर," ते सावकाश म्हणाले, "यांचा काहीतरी संबंध मला दिसतो आहे."

पंचशीलानं हातातला ओला शर्ट असा झटकला, की गुप्तहेराच्या चष्म्यावर पाऊस पडला. "निळं दिसलं की सरळ आमचंच दार का हो, काका? मग आभाळ बी निळंच हाय. त्याला कधी बोलावताव चौकशीला?"

पुनमनं तोंडाला ओढणी लावली. व्यंकटरावांनी खरोखरच वर पाहिलं, आणि थोडा वेळ विचार केल्यासारखा चेहरा करून ते नमस्कार करून बाहेर पडले.

"पंचशीलाताईंचं चुकलं नाही, काका," रस्त्यावर आल्यावर पुनम म्हणाली. "असं बोलायचं नसतं."

"नाही, बोललो ते वावगंच बोललो," ते पहिल्यांदाच जरा खाली बघून म्हणाले. चार पावलं गेल्यावर पुन्हा मान ताठ झाली. "आभाळाचा धागा मात्र लक्षात ठेव."

शुक्रवार उजाडला तरी गुन्हेगार सापडला नव्हता, पण व्यंकटरावांचा खोकला वाढला होता. पुनमनं त्यांना औषधाचे दोन चमचे पाजले. खोकला थांबला, आणि त्या शांततेत त्यांना साक्षात्कार झाला.

"पुनम! खोकला कशानं येतो? घसा कोरडा पडल्यानं. औषधानं काय होतं? घसा ओला होतो. गाडीला काय झालं आहे? कोरडा खोकला! तिला तेल पाज."

"काका, पण..."

"सर."

बसवराज लातूरला गेला होता, आनंदराज मंडपाच्या बांबूंसाठी देगलूरला. मंजुश्रीनं 'दुरुस्त होत असंल तर काय बी करा' म्हणून किल्ली दिली. व्यंकटरावांनी इंजिन ऑइलचा मोठा डबा विकत आणला होता. पुनमनं झेरॉक्सच्या कागदाचं नरसाळं केलं.

"किती वतायचं असतं?"

"डबा संपेपर्यंत. डब्याचा उपयोग दुसरा काय?"

तिनं ओतलं. व्यंकटरावांनी ऐटीत गाडीत बसून किल्ली फिरवली. आधी इंजिनानं गुळण्या केल्यासारखा आवाज काढला. मग मागून जो धूर निघाला, तो आधीच्या धुराचा आजोबा होता. गल्ली दिसेनाशी झाली. डासांची फवारणी आली समजून बायका पाण्याच्या हंड्यांवर झाकणं टाकायला धावल्या. मुखेडची एसटी कोपऱ्यावरच थांबली आणि कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कंधार हाय ना हे?" धुरातून कोणीतरी गाणं म्हणत गेलं, ते कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुनमनं चाचपडत जाऊन किल्ली बंद केली. व्यंकटराव स्टिअरिंगला धरून बसले होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"पुरावा," ते खोकत म्हणाले, "मोठा झाला."

पुनमला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. रविवारी लातूरचं गिऱ्हाईक येणार होतं. गाडी गेली की दुकान जाणार, दुकान गेलं की ते दोघं एकमेकांना बघून रस्ता बदलणार. आणि आता तर धूर तिच्या हातून वाढला होता. पण ते कसं झालं असेल हे तिला सांगता येत नव्हतं, आणि व्यंकटरावांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, याचीच तिला भीती वाटत होती.

रविवारी सकाळी व्यंकटरावांनी सगळ्यांना गोदामात बोलावलं. राजाची आणि राणीची खुर्ची त्यांनी 'मुद्देमाल' म्हणून दोन्ही घरांतून परत मागवली होती. राजाच्या खुर्चीत ते स्वतः बसले. राणीच्या खुर्चीत, दुसरी जागा न दिसल्यामुळे, लातूरचं गिऱ्हाईक बसलं. ते वेळेच्या आधीच आलं होतं आणि एवढी माणसं गाडी विकायला कशाला लागतात याचा विचार करत होतं. आनंदराज आणि बसवराज पालथ्या पातेल्यांवर, एकमेकांकडे पाठ करून बसले. बायका दाराशी उभ्या. पुनम खांबाला टेकून.

"सभ्य स्त्री-पुरुषहो," व्यंकटराव उठले, "सगळ्यांनी पुढे सरका." ही एसटीतली जुनी सवय होती. "गुन्हेगार या खोलीतच आहे."

लातूरच्या गिऱ्हाइकानं आपली पिशवी मांडीवर घेतली.

"प्रथम मला रॉकेलचा शक होता. मग बोळ्याचा. मग, ते जाऊ द्या. शेवटी मी मनाचा तपास केला. ही गाडी का खराब झाली? कारण कोणाला तरी ती खराब व्हायला हवी होती! भागीदारी मोडायची, पण नाव दुसऱ्याचं घ्यायचं. बसवराज, तू सकाळी सकाळी बॉनेटखाली काय करत होतास?"

बसवराजनं मान खाली घातली.

"आणि आनंदराज! तू हसू नकोस."

"मी कुठं हसून राहिलो?"

"मनात. तूही संध्याकाळी गाडी लावल्यावर गाडीपाशी रेंगाळतोस, असं मला शेजाऱ्यांनी सांगितलं आहे. दोघंही खरं सांगा. या मैत्रीच्या आगीत तेल कुणी ओतलं?"

"माझ्या नवऱ्यानं वतलं!" मंजुश्री दारातून ओरडली.

व्यंकटरावांचा हात हवेतच राहिला. त्यांना उत्तर अपेक्षित नव्हतं.

"मंजू, गप," बसवराज पुटपुटला.

"कामून गप? लई दिवस गप बसले. दिवाळीत देगलूरच्या वाटंला ऑइल संपून गाडी बंद पडली, आठवतं का? तवा तुमचं दोघांचं भर रस्त्यात 'तू बघायचं होतंस, तू बघायचं होतंस' झालं. तवापून ह्या मानसानं कान धरला. दर आठ-पंधरा दिवसाला उठून थोडंथोडं ऑइल वततेत, कुणाला न सांगता. दोस्ताला बोल लागू ने म्हणून! आन् ह्यांच्यावर शक घेताव?"

"थांब, मंजू," पंचशीला पुढे आली. तिचा आवाज चढला होता. "तुझे मालक कामून वततील? ते काम आमचे हे करतेत! गाडी लावली की डबा घेऊन जातेत. मी इचारलं तर म्हणले, बसवराजच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, त्याला बोलून दाखवलं तर बरं वाटणार न्हाई. दिवाळीपून चालू हाय!"

"दर आठ-पंधरा दिवसाला?"

"दर आठ-पंधरा दिवसाला."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पातेल्यांवरचे दोघं हळूहळू वळले. खांबाजवळून पुनमनं हात वर केला.

"आन् शुक्रवारी एक अख्खा डबा मी वतला," ती म्हणाली. "सरांनी सांगितलं म्हणून."

ती त्यांना सर म्हणाली ती ही पहिलीच वेळ. व्यंकटरावांना त्याचा आनंद झाला नाही.

मंजुश्रीनं कपाळाला हात लावला. "पंचू, कढई काठोकाठ भरून भजी सोडली तर काय होतं गं?"

"तेल उतू जातं. जाळावर पडतं."

"आन् मंग?"

"मंग घरभर निळा धूर," पंचशीला म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं.

बसवराज उठून गाडीकडे धावला. मागोमाग आनंदराज. बॉनेट उघडलं. इंजिनात तेल किती आहे ते बघायची एक लांब पट्टी असते, तिच्यावर दोन खुणा असतात आणि तेल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं असतं. बसवराजनं पट्टी ओढली. तेल वरची खूण ओलांडून पार मुठीजवळ आलं होतं. बिचारी गाडी मिळेल तितकं पीत होती, आणि झेपेना ते जाळत होती.

"तू पट्टी कामून बघितली न्हाई?" आनंदराज म्हणाला.

"कशाला बघू? मी टाकतच होतो की. मला वाटलं तू टाकत न्हाईस."

"मला बी तेच वाटलं."

"मग बोलायचं ना, आनंद्या!"

"तुझ्या मनाला लागलं असतं."

"आन् सगळ्या वऱ्हाडाच्या डोळ्याला लागलं ते?"

बसवराज पट्टी हातात धरून तसाच उभा. कितीतरी दिवसांनी ते एकमेकांच्या इतक्या जवळ उभे होते. मग बसवराज म्हणाला, "पाना आण. बादली बी," आणि आनंदराज लहान पोरासारखा पळाला.

जास्तीचं तेल बादलीत काढलं. पट्टी पुसून पुन्हा पुन्हा बघितली. आधी बसवराजनं, मग आनंदराजनं, मग दोघांनी मिळून. गाडी सुरू केली. सुरुवातीला ती जुन्या सवयीनं निळसर खोकली. सगळे श्वास धरून मागे उभे. धूर विरळ होत गेला, पांढुरका झाला, आणि मग नळीच्या तोंडाशी हवा नुसती थरथरताना दिसू लागली. समोरच्या भिंतीवरचं 'येथे कचरा टाकू नये' सुद्धा वाचता यायला लागलं.

लातूरचं गिऱ्हाईक राणीच्या खुर्चीतून उठून आलं. त्यानं गाडीवर हात फिरवला, कान देऊन इंजिन ऐकलं. "गाडी बेस हाय," ते म्हणालं. "घेतो मी."

"न्हाई," आनंदराज आणि बसवराज म्हणाले. एकदमच.

"न्हाई काय? मला मंग लातूरहून बोलावलं कशाला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. याचा विचार झालेला नव्हता.

"चहा प्यायला," बसवराज म्हणाला.

"हाव," आनंदराज म्हणाला. "बसा गाडीत."

इकडे गोदामात व्यंकटराव अजून उभेच होते. आपलं भाषण अर्धवट राहिलं, हे त्यांना सहन होत नव्हतं. पुनम आत आली तेव्हा ते रिकाम्या खुर्च्यांना सांगत होते, की तेल हा शब्द या प्रकरणात सर्वप्रथम त्यांनीच उच्चारला होता, आणि याची नोंद व्हावी. एकूण आरोपी तीन, तिघांनाही समज देऊन सोडण्यात येत आहे. तिसऱ्या आरोपीला डबा कुणी आणून दिला, यावर ते काही बोलले नाहीत.

"काका, चला. सगळे चहाला निघालेत."

"समारोप राहिला आहे," ते म्हणाले, आणि समारोप केला.

बाहेर आले तोवर गाडी गेली होती. रस्ता मोकळा. व्यंकटरावांच्या डोळ्यांत चमक आली. ते खाली वाकले, भिंग काढलं आणि धुळीतले टायरचे माग तपासू लागले. "डाव्या चाकाचा ठसा खोल आहे. म्हणजे जाड माणूस डावीकडे बसला. लातूरचा माणूस! माणूस घराच्या दिशेला आपोआप झुकतो. म्हणजे गाडी..." त्यांनी बोट फिरवत फिरवत नांदेडच्या रस्त्याकडे नेलं.

पुनमनं फोन लावला. "पंचशीलाताई, कुठं हायव तुम्ही?" पलीकडून मोठा गलका ऐकू आला, आणि त्यातून दोन माणसांचं एकदम हसणं. "बरं. आले."

"काका, ते किल्ल्याजवळच्या..."

व्यंकटरावांनी हात वर केला. "थांब. सांगू नकोस. माझं होत आलं आहे."

पुनम थोडी थांबली. ते नांदेडच्या दिशेनं वाकून चार पावलं गेले, परत आले, एका सायकलच्या खुणेपाशी अडखळले. तिकडे चहा उकळत होता. ती किल्ल्याकडे निघाली.

हॉटेलात बाकं कमी पडली होती. बसवराज आणि आनंदराज एकाच बाकावर अर्धेअर्धे बसले होते, लातूरचा माणूस त्यांना उमरीचं लग्न पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावत होता. नवरी खोकली इथवर आलं, की सगळे खो खो हसत होते. पुनमचा चहा निम्मा झाला असेल, तेव्हा दारात व्यंकटराव उगवले. गुडघे धुळीनं माखलेले, हातात भिंग. गल्लीच्या टोकापासून पुनमच्या चपलांचे ठसे तपासत तपासत ते इथवर आले होते.

त्यांनी सगळ्यांवरून गरुडाची नजर फिरवली.

"बघितलंत?" ते म्हणाले. "माझ्या हातून कोणी सुटत नाही." आणि बसवराजला थोडं पुढे सरकायला सांगून त्यांनी कमी साखरेचा एक चहा मागवला.